पंप नाही, तर अंगावरचं दूध टिकेल का?

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला सवड नाही, किंवा बाळ आत्ताच मांडीवर झोपलंय आणि खोलीत जराही आवाज करायची सोय नाही, त्यांच्यासाठी. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त मधला कुकरच्या शिट्ट्यांचा भाग काढलाय.

मागच्या रविवारी ऐकणाऱ्या एका मैत्रिणीची व्हॉइस नोट आली. मागे मिक्सरचा आवाज आणि ती हळू आवाजात बोलतेय. "ताई, मी कापडाच्या दुकानात काउंटरला आहे. बाळ चार महिन्यांचं झालं. पुढच्या सोमवारपासून कामावर बोलावलंय. पंप बघितला ऑनलाइन, पण चांगला इलेक्ट्रिक घ्यायचा तर माझा अर्धा पगार त्यातच जातो. घरचे म्हणतात, कशाला ताप करून घेतेस, डब्याचं दूध सुरू कर. पंपाशिवाय दूध टिकतं का ओ?"

टिकतं. एका शब्दातलं उत्तर हे. पण ते आपोआप टिकत नाही, आणि कसं टिकतं हे मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं, म्हणून माझे सोळा-सतरा दिवस रडण्यात गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हा एपिसोड.

माझी गोष्ट चार वर्षांपूर्वीची. मी कोल्हापुरात एका हिशेबनिसांच्या ऑफिसात कामाला होते. आम्ही नऊ जणं. हा आकडा मुद्दाम सांगतेय. आपल्याकडे 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. आपण सगळ्यांनी ती बातमी फॉरवर्ड केली. पण दुकानं-ऑफिसं यांना हा कायदा लागायचा तो दहा माणसांपासून पुढे. पाळणाघराची सक्ती तर पन्नास माणसांपासून. आम्ही नऊ. त्यामुळे मला तीन महिने मिळाले, त्यातला शेवटचा बिनपगारी, आणि साहेबांच्या मते तोसुद्धा उपकारच. तुमचं ऑफिस मोठं असेल तर एक लक्षात ठेवा: बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय रोज दोन वेळा बाळाला पाजण्यासाठी सुट्टी घ्यायची तरतूद 1961 च्या मूळ कायद्यापासूनच आहे. एचआरला विचारा. बहुतेकांना माहीत नसते.

तर मी साडेतीन महिन्यांच्या लेकीला सासूबाईंकडे ठेवून कामावर गेले. मावसबहिणीने तिचा हाताने दाबायचा पंप दिला होता. पहिल्या आठवड्यातच त्याची आतली छोटी रबरी झडप फाटली. सुटी झडप गावात कुठे मिळेना. तोवरही त्या पंपाने मला फार काही दिलं होतं असं नाही. दुखायचं जास्त, निघायचं कमी. मग मी काय केलं? काहीच नाही. ब्लाउजच्या आत कापडाच्या घड्या ठेवल्या आणि दिवसभर दात-ओठ खाऊन बसले. घरी पोचेपर्यंत छाती दगडासारखी. दुपारी सासूबाई वरचं दूध द्यायच्या, रात्री मी अंगावर पाजायचे.

पहिल्या आठवड्यात दगड. दुसऱ्या आठवड्यात दुपारी तेवढं दुखेना, आणि मला वाटलं, चला, शरीराला सवय झाली. हीच ती जागा जिथे मी चुकले. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी घरी येऊन लेकीला जवळ घेतलं तर ती ओढायची, सोडायची, मान फिरवून रडायची. घरात निकाल लागला: आईचं दूध आटलं. रात्रीची एक बाटली वाढली. मग दुसरी.

लसीकरणाला सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरने वजनाचा कागद भरता भरता सहज विचारलं, "अंगावर आहे ना?" मी म्हटलं, "होती. आता आटलंय." त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आटलं न्हाई गं. धा धा तास तू काढतच न्हाईस, तर ते बनंल कशाला?" आणि मग रांग थांबवून, पडद्यामागे नेऊन त्यांनी मला हाताने दूध काढायला शिकवलं. पाच मिनिटं लागली असतील. दवाखान्यात बाळंतपण झालं तेव्हा ही पाच मिनिटं कुणी दिली असती तर, असं मला अजूनही वाटतं. असो.

आता आधी हे समजून घेऊ की दूध बनतं कसं. कारण हे कळलं की बाकीचं अर्धं तुम्ही स्वतःच ठरवू शकाल.

आपल्या डोक्यात चित्र असतं टाकीचं. टाकी भरते, बाळ पितं, टाकी रिकामी, पुन्हा भरायची वाट बघा. दिवसभर साठवून ठेवलं तर संध्याकाळी बाळाला भरपूर मिळेल, असा हिशेब त्यातूनच येतो. तो उलटा आहे. आमच्या आजीच्या भाषेत सांगायचं तर ही विहीर आहे, उपसा थांबला की झरे बुजायला लागतात. बाळ ओढतं तेव्हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते दूध बनवणाऱ्या पेशींना कामाला लावतं. हे प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं फार मोलाचं. ही झाली वरून आलेली ऑर्डर. पण साधारण पहिले काही आठवडे सरले की खरा कारभार जागेवरच चालतो. दूध साचून राहिलं की ते साचणंच तिथल्या पेशींना सांगतं, थांबा, गिऱ्हाईक नाही. दूध निघालं की बनण्याचा वेग वाढतो. आणि हा हिशेब दोन्ही बाजूंचा वेगवेगळा असतो. एकाच बाजूला पाजलं तर तीच बाजू चालू राहील, दुसरी मंदावेल.

म्हणजे माझ्या छातीला दुसऱ्या आठवड्यात "सवय झाली" याचा खरा अर्थ काय होता? दुपारची ऑर्डर रद्द झाली होती. आणि प्रत्येक बाटलीबरोबर आणखी एक रद्द होत होती. यात कुणाची वाईट बुद्धी नसते. बाळ रडतं, बाटली दिली की झोपतं, घरच्यांना वाटतं बघा, भूकच होती. पण त्या वेळचं दूध निघत नाही, म्हणून उद्या त्या वेळेला कमी बनतं, म्हणून उद्या बाटली थोडी मोठी होते.

दुसरं संप्रेरक ऑक्सिटोसिन. याला मराठीत किती छान शब्द आहे बघा: पान्हा. दूध बनणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. ऑक्सिटोसिनमुळे दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि दूध पुढे येतं. ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत त्यांना हे सांगायला नको. वासरू लावल्याशिवाय गाय पान्हवत नाही, आणि गोठ्यात नवखा माणूस आला तर पान्हा चोरते. आपलंही तेच. दुखत असेल, भीती असेल, कुणी दार ढकलेल असं वाटत असेल तर दूध आत असूनही येत नाही. उलट बाळाचा वास, आवाज, नुसती आठवण आली तरी ब्लाउज ओला होतो. मी लेकीचं न धुतलेलं झबलं पिशवीत घालून न्यायचे. आणि फोनवर तिच्या कुरकुरण्याचं रेकॉर्डिंग. हसू नका, ते रेकॉर्डिंग कुठल्याही लाडवापेक्षा जास्त कामाला आलं.

आता मुख्य भाग, हाताने दूध काढणं. अमेरिकेत ही पद्धत चेले मार्मेट या स्तनपान सल्लागार बाईंच्या नावाने ओळखली जाते, पण आपल्या दवाखान्यांतल्या जुन्या सिस्टरना ती नाव माहीत नसताना पक्की येते. मी सावकाश सांगते, हवं तर हा भाग दोनदा वाचा.

हात साबणाने स्वच्छ धुवा. भांडं रुंद तोंडाचं घ्या, स्टीलची मोठी वाटी किंवा पेला, उकळत्या पाण्यातून काढलेला. आरामात बसा, पाठ टेकवून, जराशी पुढे झुकून. पहिली दोन-तीन मिनिटं दूध काढायचंच नाही. गरम पाण्यात पिळलेला रुमाल ठेवा, किंवा बोटांनी हलके हलके गोल फिरवत स्तन चोळा, बाहेरून आत. जोर नको, पोळी लाटतोय असं नको. बाळाचा विचार करा. पान्हा यायला वेळ द्या.

मग हाताचा इंग्रजी सी अक्षरासारखा आकार करा. अंगठा वर, तर्जनी खाली, दोन्ही स्तनाग्राच्या टोकापासून साधारण 3 ते 4 सेंटिमीटर मागे, म्हणजे ढोबळमानाने दोन बोटं अंतरावर. काळसर वर्तुळाच्या कडेच्या आसपास ही जागा येते, पण ते वर्तुळ प्रत्येकीचं लहान-मोठं असतं, म्हणून त्यापेक्षा अंतरावर विश्वास ठेवा. आता तीन गोष्टी एका लयीत. अंगठा आणि बोट आधी मागे, छातीच्या हाडाच्या दिशेला दाबा. मग त्याच जागी एकमेकांकडे आणा. मग सैल सोडा. मागे, आवळा, सोडा. मागे, आवळा, सोडा. बोटं कातडीवर घसरली नाही पाहिजेत. स्तनाग्र ओढायचं नाही, पिळायचं नाही. माझी पहिली चूक हीच होती, मला वाटायचं दूध तिथून येतं तर तिथेच दाबायचं. आजीला सांगितलं तर ती खो खो हसली. म्हणाली, "म्हशीचंसुद्धा आचळ नुसतं ओढलं तर ती लाथ घालती. तुझ्याजवळ लाथ न्हाई एवढंच."

पहिलं मिनिटभर काही येणार नाही किंवा थेंब येतील. इथेच बहुतेक जणी सोडतात. सोडू नका. लय चालू ठेवा. थेंबांची धार होते, कधी तीन-चार बारीक धारा वेगवेगळ्या दिशांना उडतात, म्हणूनच रुंद भांडं. धार मंदावली की बोटांची जागा बदला, घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत न्या, म्हणजे सगळ्या बाजूंचं निघतं. एका बाजूला 3 ते 5 मिनिटं, मग दुसरी बाजू, मग परत पहिली, परत दुसरी. सगळं मिळून 20 ते 30 मिनिटं. दुखता कामा नये. दुखलं तर जागा चुकतेय किंवा जोर जास्त होतोय.

शिकायची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे बाळ एका बाजूला पीत असताना. पान्हा तर आलेलाच असतो, दुसऱ्या बाजूला हाताने काढून बघा. चुकलं तरी बिघडत नाही, कारण बाळाचं पोट भरतंच आहे. आंघोळीच्या गरम पाण्यातही छान जमतं.

पहिल्या दिवशी ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायलींच्या गठ्ठ्यावर बसून मी किती काढलं? 15 मिली. दोन्ही बाजूंचं मिळून. दाराला कडी नव्हती, बाहेर एक सहकारी मैत्रीण पहाऱ्याला उभी. तिने भांड्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी मी अर्धा तास उभी होते?" आम्ही दोघी हसलो, मग मी जरा रडले. पण त्या 15 मिलीचा उपयोग बाळाला पाजण्यापुरता नसतो. ती ऑर्डर असते. दहा-बारा दिवसांनी त्याच रेकॉर्ड रूममध्ये एका वेळेला 60-70 मिली यायला लागलं.

दिवस कसा बसवला ते सांगते, कारण खरं गणित तिथे आहे. सकाळी साडेपाचला पाजायचे आणि लगेच उरलेलं हाताने काढायचे, सकाळी सहसा जास्त निघतं. साडेआठला परत अंगावर. साडेनऊला पायात चप्पल घालायच्या आधी परत, मग ती पाच मिनिटं का पिईना. ऑफिसात साडेबाराला आणि चारला हाताने. सातला घरी आल्यावर आधी बाळ, मग चहा. हे सासूबाईंना जरा जड गेलं, पण त्यांनी सांभाळलं. सहानंतर त्या तिला मुद्दाम काही पाजायच्या नाहीत, म्हणजे मी येईपर्यंत तिला भूक लागायची. रात्री ती मागेल तेव्हा. शनिवारी अर्धा दिवस, आणि रविवार तर पूर्ण अंगावर, वाटी-चमचा कपाटात. रविवारची ही भर आठवड्याची गळती भरून काढते, सोमवारी मला स्पष्ट फरक जाणवायचा.

काही दिवस नणंद दुपारी स्कूटीवरून बाळाला घेऊन ऑफिसखाली यायची. गाव लहान असल्याचा हा फायदा. ज्यांना हे जमण्यासारखं आहे त्यांनी पंपाचाही विचार करू नका आणि हाताचाही. बाळाइतकं चांगलं दूध कुणीच काढत नाही.

मी नसताना तिला किती लागायचं? एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी 750 ते 800 मिली दूध पितं, बाळागणिक खूप फरक पडतो. आणि गंमत म्हणजे या पाच महिन्यांत हा आकडा फारसा वाढत नाही, बाळ वाढलं तरी. दिवसातून दहा वेळा पीत असेल तर एका वेळेला 75-80. म्हणजे मी बाहेर असताना तीन वेळा मिळून सव्वादोनशे-अडीचशे मिली. माझं सकाळचं आणि ऑफिसातलं मिळून दोनशेपर्यंत जायचं. उरलेलं ती रात्री वसूल करायची. खरंच, आई दिवसा नसेल तर कितीतरी बाळं दिवसा कमी पितात, जास्त झोपतात आणि रात्री भरून काढतात. दमवणारं आहे, मान्य. मी बाळाला शेजारी घेऊन आडवी पडूनच पाजायचे. आणि पाजून झाल्यावर लंगोट बदलणं, ढेकर काढणं हे नवऱ्याचं खातं होतं.

बाटली आम्ही बंद केली. वाटी-चमच्याने, कधी बोंडल्याने पाजलं. बाटलीची बोंडी ओढायला सोपी, दूध आपोआप येतं, मग काही बाळं अंगावर मेहनत करायला कंटाळतात. आमचीने तेच केलं होतं. बोंडलं वापरणार असाल तर त्याची चोच आतून नीट घासून, उकळून घ्या, तिथे दूध अडकतं. जाता जाता, पावडरचं दूध आणि दूध पाजायच्या बाटल्या यांची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे. पंप त्या कायद्यात येत नाही. म्हणून तुमच्या रीलमध्ये दर चौथ्या व्हिडिओत पंप दिसतो आणि हात कधीच दिसत नाही. हात कोण विकणार?

काढलेलं दूध ठेवायचं कसं? अमेरिकेच्या सीडीसीच्या सूचनेप्रमाणे 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेत 24 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोली 25 अंशांवर कुठे असते? म्हणून उन्हाळ्यात सरळ बर्फातच ठेवा. मी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात घट्ट झाकणाची स्टीलची डबी ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशीच वापरून टाकायचे. फ्रिजमध्ये दारात नाही, आत मागच्या बाजूला. पाजताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. बाळाने उष्टं टाकलेलं दोन तासांच्या पुढे वापरायचं नाही.

आणि घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. हे दूध ठेवलं की वेगळं होतं, वर सायीसारखा थर, खाली निळसर पाणी. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी ते बघितलं, "फाटलं गं बाई" म्हणाल्या आणि मोरीत ओतलं. सत्तर मिली. रेकॉर्ड रूममधली दोन दिवसांची कमाई. मी काही बोलले नाही, म्हणजे बोलले, पण नंतर सांगितलं की नुसतं हळू गोल फिरवायचं, मिसळून येतं. पुढे त्याच शेजारणींना समजावून सांगायच्या.

खाण्याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात. आळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी, बाळंतशोपा, खसखशीची खीर. मी सगळं खाल्लं, आवडीने खाल्लं. पाजणाऱ्या बाईला रोज साधारण 500 ते 600 कॅलरी जास्त लागतात आणि या लाडवांतून त्या मिळतात, लोह-कॅल्शियमही मिळतं. पण यातल्या एकाही पदार्थाने दूध हमखास वाढतं असा भक्कम पुरावा नाही. मेथीच्या गोळ्या किंवा शतावरीची पावडर औषधासारखी घ्यायची असेल, विशेषतः मधुमेह किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पाणी तहान लागेल तेवढं. लोटेच्या लोटे रिचवून दूध वाढत नाही, फक्त उठायला लागतं. उलट दूध कमी करणाऱ्या गोष्टी माहीत असाव्यात: काही सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. औषध घेताना "मी अंगावर पाजते" हे वाक्य आधी बोलायचं.

दूध कमी आहे हे ओळखायचं कसं, यावरही गोंधळ आहे. दीड-दोन महिन्यांनंतर स्तन मऊ वाटणं म्हणजे दूध गेलं असं नाही. शरीर मागणीप्रमाणे बनवायला शिकलेलं असतं. संध्याकाळी बाळ सारखं सारखं मागतं, पंधरा पंधरा मिनिटांनी, तेही दूध संपल्याचं लक्षण नाही. वाढीच्या दिवसांत ते असंच ऑर्डर वाढवतं. आणि हाताने जेवढं निघालं तेवढंच आपल्याकडे आहे, हेही खरं नाही. खरी मोजणी दोन ठिकाणी: लंगोट आणि वजनकाटा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा स्वच्छ, फिकट शू. पहिल्या दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघणं, मग पहिले तीन महिने आठवड्याला साधारण 150 ते 200 ग्रॅम वाढ. हे होत नसेल, बाळ मलूल असेल, शू कमी आणि गडद असेल, तर हे ऐकत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि तेव्हा वरचं दूध द्यायला लागलं तर ते द्यायचं, त्यात हार नाही. सोबत काढणं चालू ठेवायचं. तुमचा थायरॉइड, रक्तातलं लोह, हेही तपासून घ्या. काही जणींच्या बाबतीत कारण खरोखर शरीरात असतं आणि कितीही काढलं तरी पुरत नाही. तसंच स्तनावर लाल, गरम, दुखरा भाग आणि ताप आला तर लगेच डॉक्टर. तिथे जोरात चोळून गाठ फोडायचा प्रयत्न अजिबात नको, सूज वाढते. थंड कापड ठेवा, नेहमीसारखं पाजत राहा.

पंपाशी माझं वैर नाही, हेही सांगते. जुळी असतील, बाळ बरेच आठवडे दवाखान्यात असेल, किंवा मनगट दुखत असेल तर चांगला पंप वरदान आहे. पण कमी दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत असतं तेव्हासुद्धा सुरुवात हातानेच होते. पहिल्या दिवसांचा चीक घट्ट आणि थेंबभरच असतो, तो पंपाच्या नळीलाच चिकटून राहतो. हाताने चमच्यात नीट येतो. शक्यतो पहिल्या सहा तासांत सुरू करायचं, आणि चोवीस तासांत आठ-दहा वेळा, रात्रीसकट. ज्यांचं स्वतःचं दूध अजून उतरलं नाही त्यांच्यासाठी दूधपेढ्या आहेत. आशियातली पहिली मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

बाहेर असताना कुठे काढायचं? एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात. मला एकदा प्रवासात गरज पडली तर कुलूप. किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. शेवटी उघडला तर आत मोडक्या खुर्च्या रचलेल्या. त्यातलीच एक ओढून बसले. बसल्या बसल्या हिरकणीचीच गोष्ट आठवली. रायगडावर दूध विकायला गेलेली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरली. शाळेत आपल्याला बाळ भुकेलं होतं एवढंच सांगतात. पण संध्याकाळपर्यंत तिची छाती किती भरून आली असेल, किती ठणकत असेल, याबद्दल गोष्टीत एक शब्द नाही. मला त्या खुर्चीवर तो कडा पहिल्यांदा कळला.

तर मैत्रिणी, तुझा सोमवार. तोवरच्या सहा दिवसांत एवढं कर. आज रात्री बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूला हात चालवून बघ, निघालं नाही तरी चालेल. उद्यापासून सकाळच्या पाजण्यानंतर रोज दहा मिनिटं. दोन दिवसांनी घरच्यांना वाटी-चमच्याने पाजायची सवय करू दे, तू तेव्हा घराबाहेर फेरी मार, तू समोर असलीस तर बाळ वाटी घेणार नाही. दुकानात मालकीणबाई असतील तर त्यांच्याशी आधी बोल. ट्रायल रूमला आतून कडी असते, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, वीस मिनिटं दोनदा. झबलं विसरू नकोस. आणि सोमवारी संध्याकाळी किती निघालं ते मला व्हॉइस नोट करून कळव. पंधरा मिली असलं तरी कळव.